पालखीच्या दांडीवर दोन्ही हात

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कोयनानगरला धरणाच्या गोदामात कारकून होतो. शेजारच्या क्वार्टरमधले गृहस्थ, माझ्याच वयाचे, हृदयविकाराने गेले आणि तेव्हापासून माझं सगळं लक्ष स्वतःच्या छातीकडे लागलं. दर पाव तासाला मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची, हा माझा उद्योग. त्यात आमच्याकडे जमीन अधूनमधून हलते. मांडणीवरची भांडी वाजतात आणि लोक आपापल्या कामाला लागतात. माझ्याखालची खुर्ची हलली की मला मात्र आपलंच काळीज निसटलं असं वाटायचं. मी घाबरून विचारायचो, "भुई हलली का मी?" बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, "आवं, भुईच हालली. बसा गप." माझा तिच्यावर विश्वास बसत नसे.

कराडच्या डॉक्टरांनी तीनदा कार्डिओग्राम काढला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तासभर तपासून सांगितलं, की हृदय ठणठणीत आहे, आणखी तपासण्यांची काही गरज नाही, भीतीवर इलाज करा. तो आनंद स्टँडवर एसटी लागेपर्यंत टिकला. मग वाटू लागलं, यांच्या नजरेतून काही सुटलं असेल तर? मांडीतून तार घालून हृदयाचा फोटो काढतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. तेच माझ्या डोक्यात बसलं. माधवनगरला माझी थोरली बहीण राहते. तिला मी कळवलं, डॉक्टरांनीच ही तपासणी सांगितलीय, सांगलीत नंबर लाव. हे खोटं होतं. त्या बिचारीने नंबर लावला आणि माझ्यासाठी सोमवार धरले. देवावर माझी श्रद्धा होती म्हणायची, पण त्या दिवसांत मी हात जोडायचो तेही रिपोर्टपुढे.

चैत्रात मी सांगलीला निघालो. पाटणच्या अलीकडे एका गावाची जत्रा होती. भैरोबाची पालखी रस्ता ओलांडून डोंगरावरच्या देवळाकडे निघाली होती, म्हणून एसटी थांबली. ड्रायव्हरच नारळ घेऊन उतरला, तेव्हा मीही दर्शनाला उतरलो. पालखीच्या मागच्या दांडीला लष्करी जर्सी घातलेला, फेटेवाला म्हातारा होता. त्याच्या शेजारचा गडी पाय मुरगळून लंगडत बाजूला झाला. म्हाताऱ्याची नजर माझ्यावर पडली. "आवं पावणं, खांदा द्या."

मी म्हणालो, "मला हृदयाचा त्रास आहे."

"डाक्टरनं सांगितलंय व्हय?"

समोर देव होता. गुलालाने माखलेला तो चांदीचा मुखवटा हातभर अंतरावर होता. बहिणीला सांगितलेलं खोटं तिथे माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, "नाही."

"मग द्या की."

मी खांदा दिला. पालखी किती जड असते ते खांद्यावर आल्यावर कळतं. थोडं वर गेल्यावर मी धापा टाकत विचारलं, "जरा टेकवायची का?" म्हातारा म्हणाला, "देऊळ आल्याबिगार भुईला टेकत न्हाई." वाट अरुंद होती, खांदा बदलायला कुणी पुढे येऊ शकत नव्हतं. छाती धडधडत होती. सवयीने बोटं मनगटाकडे निघाली, पण दोन्ही हात दांडीवर होते. नाडी मोजायची सोयच नव्हती. चांगभलंचा गजर चालला होता आणि मी मरणार याची मला खात्री झाली. मनात म्हणालो, देवा, तुझ्या खांदेकऱ्याचं आता तूच बघ.

तेवढ्यात पायांखालून सगळं हललं. मला वाटलं, आलं. पण पालखीच्या घंट्या वाजल्या, वरून खडे घरंगळले आणि शे-दोनशे माणसं जागच्या जागी उभी राहिली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "भुई हालली. पालखी धरा." आम्ही धरली. डोंगर हलत होता आणि पालखी आमच्या खांद्यावर होती. त्या शांततेत मला माझं हृदय ऐकू आलं. ते जोरात चाललं होतं, पण नीट, एका लयीत. आईच्या पोटात असल्यापासून ते चाललंय, त्यात माझा काय हात? ज्याने हा डोंगर धरला होता त्यानेच ते धरलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले आणि पुसायलाही हात मोकळा नव्हता.

वर देवळात पालखी उतरली. म्हातारा पायरीवर बसून विडी शोधत होता, मी त्याच्या पाया पडलो तर संकोचला. एसटी खाली माझ्यासाठी थांबली होती.

माधवनगरला पोचलो तर ताई दारातच म्हणाली, "उद्या नऊचा नंबर हाय." मी तिला खरं सांगितलं, की डॉक्टरांनी तपासणी नको म्हटलं होतं, मीच खोटं बोललो. ती म्हणाली, "आन मी सोमवार कुणासाठी धरलं रं?" तिने माझ्या खांद्यावरचा गुलाल बोटावर घेतला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि मला पोटाशी धरून रडली.

भीती एका दिवसात गेली नाही, अजूनही अधूनमधून येते. डॉक्टर बोलावतात तेव्हा मी जातो, भीती बोलावते तेव्हा जात नाही. दर चैत्रात मात्र त्या डोंगराला जातो आणि खांदा देतो. देवाने तेवढं काम माझ्याकडे ठेवलंय, बाकीचं तो बघतो.