पत्र्याचं नळकांडं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं असेल असं वाटलं होतं. पण – सोपं कसलं?

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझं दुकान आहे. व्हिडिओ एडिटर, अ‍ॅनिमेशनवाले यांच्यासाठी मी जड कामाचे, महागडे कॉम्प्युटर जोडून देतो. या धंद्यात खरा वैरी म्हणजे उष्णता. मशीन तापलं की मंदावतं, फार तापलं की बंद पडतं. आम्ही काय करायचो? आणखी पंखे लावायचो. एडिटर आवाजाला वैतागायचे, आणि आम्ही म्हणायचो, पॉवर पाहिजे तर आवाज येणारच.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या नितीनला हे पटलं नाही. त्याचा धंदा माझ्यासारखाच, पण वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला दादा म्हणायचा. त्यानं अंबरनाथच्या एका वर्कशॉपमधून पत्रा वाकवून घेतला आणि तळातून गार हवा थेट तापणाऱ्या भागांवर नेणारं नळकांडं बनवलं. पंखे दोनच. कान लावला तरी आवाज नाही. मी ते पाहिलं आणि – खरं सांगतो – माझ्या पोटात दुखलं.

त्याच सुमारास अंबरनाथच्या एका स्टुडिओला आठ मशीनं हवी होती. लग्नाच्या फिल्म बनवणारा स्टुडिओ, मालक वयस्कर सिंधी. आमच्याकडची रीत अशी, की दोघांच्या मशीनवर एकाच लग्नाचं शूटिंग टाकायचं. ज्याची फिल्म आधी तयार होईल, ऑर्डर त्याची.

"पहले नारियल, फिर स्विच," मालक म्हणाले. नितीन धाकटा, म्हणून नारळ फोडायला त्यालाच उंबऱ्याबाहेर नेलं. सगळे मागोमाग गेले. मी म्हणालो, मी वायरी बघतो.

ग्राफिक्स कार्ड ज्यात गुंडाळून येतं तो पांढरा फोम माझ्या पिशवीत होता. दुमडला आणि नितीनच्या मशीनखाली सरकवला. हवेचं तोंड बंद. नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी हात पुसत उभा होतो.

वीस मिनिटं त्याचं मशीन पुढे होतं. मग मंदावलं. मग बंद. त्यानं पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. कुणी हसलं नाही, पण कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "राहू दे, मी उचलतो," म्हणत मीच त्याचं मशीन उचललं आणि फोम काढून घेतला.

तुम्ही म्हणाल, धंद्यात चालतं असं. पण मला सांगायचं होतं ते एवढंच नाही. ते पुढे आहे.

आठवड्यानं तो माझ्याच दुकानात आला.

"घरी एकदम मस्त चालतंय, दादा. तिथंच का बंद पडलं? तुम्ही सिनियर आहात, सांगा ना, माझं कुठं चुकलं?"

माझ्याकडे आला होता. दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि मी काय बोललो? "कधी चालतं, कधी नाही, म्हणजे डिझाइनच कच्चं. हा नाद सोड, नितीन."

त्यानं मान डोलावली. मोठ्या भावानं सांगितल्यासारखं ऐकलं. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते, फोमपेक्षा जास्त.

त्यानं नाद सोडला, मग दुकानही. आता तो सीसीटीव्ही बसवतो. दोन वर्षं थांबून मी तेच नळकांडं माझ्या मशीनमध्ये घातलं. लोक ते माझ्या नावानं ओळखतात, मुंबईहून शोधत येतात.

गेल्या महिन्यात दुकानात कॅमेरे बसवायचे होते. तोच आला. टेबलावर एक मशीन उघडं पडलं होतं. तो वाकून बराच वेळ आत बघत राहिला.

"तुम्हाला जमलं, दादा," तो म्हणाला. "माझं काय चुकलं होतं, अजून कळत नाही."

टोमणा होता का? नाही. तो खरंच विचारत होता.

तुझं काही चुकलं नव्हतं – एवढंच म्हणायचं होतं. तो शिडी चढू लागला आणि मी खालून ती घट्ट धरून उभा राहिलो.