कमलमावशी आणि गच्चीवरची निळी तळी

कमलमावशी आज सकाळी गेली.

माझं पहिलं डिझाइन म्हणून तुम्ही जे ओळखता, ते तिने बघितलेलं होतं. मी फक्त उतरवून घेतलं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिचं नावही ऐकलेलं नसेल. म्हणून लिहितेय.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. उल्हासनगरला एका एम्ब्रॉयडरी युनिटमध्ये मी कॉम्प्युटरवर डिझाइन करायचे. ड्रेसच्या गळ्याला, ओढणीच्या काठाला मशीनवर जे भरतात ना, ते. बदलापूरहून जायचे. वय बावीस आणि डोकं एकदम रिकामं.

मावशी तिथेच धागे कापायला होती. मशीनवरून निघालेल्या कापडाचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापायचे. दिवसभर, खाली बसून. राहायला अंबरनाथजवळ मोरिवलीत. नवरा लवकर गेलेला. मुलगी सुजाता तेव्हा शाळेत.

आमचे शेठ सिंधी. माणूस वाईट नव्हता, माझ्यामुळे वैतागला होता.

"बेटा, ये मोर-कुयरी पूरे मार्केट में है. कुछ नया दे ना. शनिवार तक. नहीं तो पॅकिंग में बैठ जा."

डबा घेऊन मी गच्चीवर गेले. जेवायला नाही, रडायला.

टाकीच्या सावलीत मावशी बसली होती.

"जेवतेस का रडतेस?"

"रडते."

"रड. पण बसून रड. ऊन लागेल."

वरच्या मजल्यावर जीन्स शिवायचे. धुऊन आलेली ओली जीन्स गच्चीवर पसरून ठेवायचे. पाणी सिमेंटवर उतरायचं, वाळायचं आणि मागे एक निळी रेघ राहायची. दुसऱ्या दिवशी तिच्या आत दुसरी. असं किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक.

मावशीने भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि बोटाने दाखवलं.

"ते तळं बघ. त्याच्या आत अजून एक तळं. आणि ही बाई. पाठमोरी बसलीय, केस वाळवतेय."

मला डागच दिसत होते.

"डाग आहेत मावशी."

"घाई करतेस. बघत राहा."

बघत राहिले.

ऊन जरासं कललं, आणि आख्खी गच्ची हलल्यासारखी झाली. तळी. बेटं. काठाकाठाने वाकत गेलेल्या निळ्या वाटा. केस सोडून बसलेली ती बाई. मला वाटलं, आपण कुठेतरी फार उंचावर बसलोय आणि खाली कुणालाच माहीत नसलेला एक देश पसरलाय.

खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. ते लांबून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते.

मावशी रोज इथे एकटीच का जेवते, ते मला त्या दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवशी बटर पेपर घेऊन वर गेले. गुडघ्यांवर बसून रेघा उतरवल्या. मावशी सांगत होती, "ती नको, ती तुटकी आहे. ही घे, हिला वळण आहे."

शनिवारी शेठनी भरून आलेलं कापड उजेडात धरून उलटसुलट बघितलं.

"ये कहाँ से लाई?"

मी म्हणाले, "सुचलं."

मावशी चार हातांवर बसली होती. तिची कात्री थांबली. मग परत सुरू झाली.

त्या दिवाळीला ते डिझाइन तुफान चाललं. अंबरनाथच्या बाजारात, बदलापूरला आमच्याच बिल्डिंगमध्ये, जिकडे तिकडे ती तळी बायकांच्या गळ्याशी. दुसऱ्या युनिटवाले मला नावाने ओळखायला लागले.

आणि त्यानंतर मी आठ दिवस गच्चीवर गेले नाही. खाली मशीनच्या आवाजात जेवले.

नवव्या दिवशी गेले.

"मावशी, ते तुझं होतं."

"माझं कसलं? पाण्याने काढलेलं."

बरं वाटलं मला. सुटले म्हटलं. तेवढ्यात ती डबा बंद करत म्हणाली,

"पण नाव घ्यायला पाहिजे होतंस गं."

रागावून नाही. साधं. त्यामुळे जास्त लागलं.

मी तशीच खाली गेले आणि सगळ्यांसमोर शेठला सांगितलं. शेठ मावशीकडे बघतच राहिले.

"कमलबाई, तूने बनाया?"

मावशीने धागा कापला. मान वर न करता म्हणाली, "मैंने नहीं शेठ. गच्ची ने बनाया."

आख्खं युनिट हसलं. शेठही.

सोमवारी माझ्या कॉम्प्युटरशेजारी दुसरी खुर्ची आली होती. मावशी तिच्यावर पहिले दोन दिवस कडेला टेकून बसली. तिसऱ्या दिवशी नीट टेकून बसली आणि म्हणाली, "हा काठ फार सरळ आलाय. मेलेला वाटतो."

युनिट बंद होईपर्यंत आम्ही दोघींनी काम केलं. रविवारी फिरायचो. वांगणीला शेतातल्या चिखलाला पडलेल्या भेगा. तिच्या घराच्या पत्र्यावरचा गंज. तव्यावर चिकटून राहिलेलं घावन. लोक आमच्याकडे बघायचे, दोन बायका वाकून काय शोधतायत म्हणून.

पुढे मी मोठ्या ठिकाणी गेले. लोकांनी विचारलं, प्रेरणा कुठून मिळते. मी काहीबाही इंग्लिश बोलले.

गेल्या महिन्यात भेटायला गेले, तेव्हा शुगरने तिचे दोन्ही डोळे गेले होते. सुजाताने चहा आणला. मावशीने माझा हात धरला.

"समोर काय दिसतंय?"

"खिडकी."

"आणि?"

"पडदा. साधा आहे."

ती माझा हात धरून वाट बघत राहिली.

मग हळूहळू दिसायला लागलं. बाहेरच्या शेवग्याची सावली पडद्यावर पडली होती. वाऱ्याने पडदा फुगला की झाड श्वास घ्यायचं. पडदा खिडकीला चिकटला की झाड बारीक व्हायचं, काडीएवढं.

मी सांगत गेले. ती डोळे मिटून ऐकत होती, तिची बोटं माझ्या मनगटावर हलत होती.

"आता कसं आहे?"

"फुगलंय."

"आता?"

"आता बारीक झालंय मावशी."

असं ऊन उतरेपर्यंत चाललं.

कमलमावशी, मोरिवली. यापुढे कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगणार आहे.

मनापासून आदरांजली, मावशी. जय भीम.