नव्या गिऱ्हाइकाचा भाव

"हिचे पाय बघा," मॅनेजर म्हणाला. हातातली छडी त्यानं माझ्या पायांवर रोखली.

मी दुकानाच्या काचेमागं बसले होते. समोर शिवणाचं मशीन. मी पायानं मशीनची खालची पट्टी मारत होते आणि एका पांढऱ्या रुमालाची कड शिवत होते. पाय अनवाणी. भेगा पडलेले, भेगांत माती बसलेली. धारवाडच्या मळमड्डी भागातल्या चार-पाच बायका मशीन बघायला आल्या होत्या. त्या वाकून बघायल्या होत्या. काचेच्या पलीकडं, रस्त्यावर, बाजाराला निघालेली माणसं थांबली होती.

"हिला अक्षर येत नाही," मॅनेजर म्हणाला. "हिच्या पायांना जमलं. तुम्हाला तर अर्ध्या तासात जमेल."

बायका हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या. तेच जास्त लागलं.

कड शिवून झाली. एका बाईनं आपला तो रुमाल दोन बोटांच्या चिमटीत उचलला. शेजारणीला म्हणाली, "घरी गेल्यावर धुवून घेते."

माझ्यासमोर म्हणाली. मी तिथं नसल्यासारखं.

मी त्या दुकानात नाचून दाखवायला गेले नव्हते. मी भाव मागायला गेले होते.

आम्ही हुबळीत रेल्वे वर्कशॉपच्या मागच्या चाळीत राहत होतो. आता चालू असलेली ही मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझं माहेर अळणावरच्या बाजूचं, रानात मोलमजुरी करणारं. नवरा सरकीच्या गिरणीत होता. कापसाची धूळ त्याच्या छातीत बसली आणि तो घरी बसला. दिवसभर खोकायचा. मी हातानं चोळ्या शिवायची, बायका खण आणून द्यायच्या.

तेव्हा त्या मशीनच्या कंपनीचा एजंट चाळीत आला. आमच्या फाटक्या चटईवर बसला. आमच्या घरचा चहा प्याला. चाळीत कुणी बाहेरचा आमच्याकडं पाणी पीत नव्हता, आणि हा चहा प्याला. मला अक्का म्हणाला. "अक्का, तुमच्या हाताला मशीन पाहिजे. हप्त्यानं घ्या. दुकान तुमचंच आहे." त्या एका अक्का शब्दावर मी अंगठा दिला. खोटं कशाला सांगू.

हप्ते मी चुकवले नाहीत. उपास काढले, पण हप्ता चुकवला नाही. एजंट मात्र पुन्हा चटईवर बसला नाही. दारातूनच हात पुढं करायचा.

मग दिवाळीच्या तोंडावर हँडबिलं वाटली. एका बाजूला कानडी, एका बाजूला मराठी. वर एका गोऱ्यापान बाईचं चित्र, मशीनजवळ हसत बसलेली. नवरा मराठी शाळेत थोडं शिकला होता. खोकत खोकत त्यानं वाचून दाखवलं. सणानिमित्त भाव उतरवला आहे. तेच मशीन, माझं होतं तेच, माझ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. शिवाय भरतकाम फुकट शिकवणार.

मला आनंद झाला. आज सांगताना लाज वाटते, पण झाला. मला वाटलं, भाव उतरला म्हणजे आपलाही उतरला. राहिलेले हप्ते कमी होतील. नवऱ्याला दूध आणता येईल.

म्हणून मी दुर्गदबैल बाजारातल्या त्या कंपनीच्या दुकानात गेले. मॅनेजरनं ऐकून घेतलं. म्हणाला, बघू, आधी जरा या बायकांना मशीन चालवून दाखव. मला वाटलं, चालवून दाखवलं की भाव मिळणार. म्हणून बसले. दुपार होईपर्यंत बसले. त्या बायकांतल्या दोघींनी मशीन घेतलं. माझे पाय बघून घेतलं.

त्या गेल्यावर मी पुन्हा विचारलं.

तो हसला. कानडीत म्हणाला, "नी नम्माकी अदी." तू तर आमचीच आहेस. "हा भाव नव्या गिऱ्हाइकाचा आहे. तुला कशाला? तू कुठं जाणार?"

मी रस्त्यावर आले. काचेत पाहिलं तर ते मशीन तसंच होतं. स्टूल रिकामं होतं.

घरी आले आणि मशीनवर बसले. शिवता येईना. पट्टीवर पाय ठेवला की वाटायचं, कुणीतरी बघतंय. घराला काच नव्हती, खिडकीला गोणपाट होतं. तरी मी उठून गोणपाट बाजूला करून बघायची. बाहेर कुणी नसायचं. परत येऊन बसायची. पुन्हा पाठीवर ती नजर. नवरा म्हणाला, भूत लागलंय तुला. लागलंच होतं. आठ-पंधरा दिवस मी एक चोळी धड शिवली नाही. आणि डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं. तू कुठं जाणार. तू कुठं जाणार.

आमच्या आईला हेच म्हणायचे. शेताचा मालक म्हणायचा. तिला जाता आलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी मशीन लोखंडी स्टँडवरून सोडवलं. चुंबळ केली. नवऱ्यानं विचारलं, "ते गेलं तर खायचं काय?"

मी चुंबळ डोक्यावर ठेवली.

मशीन डोक्यावर घेऊन मी भर बाजारातून चालत गेले. मान मोडायची वेळ आली. दुकानात गर्दी होती. टोप्या, पगड्या, नऊवारीतल्या बायका. मी मशीन मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. टेबल हाललं.

मी म्हटलं, "हे तुमचं मशीन. परत घ्या. आता मी तुमची नाही. आता मी नवं गिऱ्हाईक. हँडबिलाच्या भावानं मशीन द्या."

कुणीतरी हसलं. मॅनेजर हसला नाही. त्यानं समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. मशीन परत केलं तर भरलेले हप्ते बुडाले. आणि कंपनीत ज्याचं नाव एकदा लागलं, त्याला पुन्हा नवा भाव लागत नाही.

"म्हणजे मी नवी कधीच होणार नाही?"

"नाही."

इतकं सरळ उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. त्या एका शब्दात मला सगळं दिसलं. चहा दिसला, चटई दिसली. गोड बोलतात ते फक्त दाराबाहेर असलेल्याशी. आत आला की दार लावतात.

मी मशीन तिथंच सोडलं आणि वळले. मागून त्यानं हाक मारली, "अक्का, घेऊन जा, वेडेपणा करू नका." मी थांबले नाही.

चार दिवसांनी कंपनीची माणसं हातगाडी घेऊन आली आणि स्टँडही घेऊन गेली. जमिनीला चार खड्डे राहिले. शेणानं कितीदा सारवलं, तरी ते खड्डे वर यायचे.

मी पुन्हा हातानं शिवायला लागले. चिमणीच्या उजेडात डोळे गेले म्हणायला हरकत नाही. त्या थंडीतच नवरा गेला. मशीन असतं तर दूध आलं असतं, दूध आलं असतं तर तो जगला असता, असं चाळीतल्या बायका बोलल्या. माझ्या तोंडावर बोलल्या. मलाही माहीत नाही. कधी कधी झोपेत माझा पाय खाली-वर होतो आणि मी जागी होते. कान देते. खोकल्याचा आवाज येतो का बघते.

पण ते मशीन परत आणावं, असं मला एकदाही वाटलं नाही.

एजंट अजून चाळीत येतात. माणसं बदलली, कंपन्या बदलल्या. कुणी ग्रामोफोन विकतो, कुणी सायकल. हातात हँडबिल असतं, तोंडात साखर असते. तो कुणाच्या दारात बसला की मी जाऊन शेजारी उभी राहते. ओरडत नाही. शिवी देत नाही. एवढंच विचारते, "ही तुमची झाली की पुढच्या सणाला हिला हा भाव देणार का? सगळ्यांसमोर सांगा."

तो मला बाजूला व्हायला सांगतो. मी होत नाही. पहिल्यांदा बायका चिडायच्या. आता त्याच्या तोंडाकडं बघतात. त्याला मान खाली घालावी लागते, किंवा उठावं लागतं.

परवा एकानं धमकी दिली, पोलीस आणतो म्हणाला. मी म्हटलं, आण. त्यांच्यासमोरही विचारीन.