झुंबरटक्यांचा चौथा भाऊ

मी एक माणूस दोन पायली जोंधळे देऊन जन्माला घातला आणि एकवीस वर्षांनी चार पायली देऊन मारला. मारायला जास्त लागतात.

पोलिसांत जाण्याचं कारण नाही. तो माणूस आमच्या सासरचा होता आणि मुळात नव्हताच. कसं ते सांगते.

माझं सासरचं आडनाव झुंबरटके. हसून घ्या. लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरचेही हसले होते. सोलापुरात या आडनावाचं आमचं एकच घर. पोस्टमन म्हणायचा, "मावशी, तुमच्या पत्रावर पत्ता कशाला लिवत्यात? नुसतं आडनाव टाकलं तरी हितंच येतंय की." आडनाव आलं कुठून, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, मूळ पुरुष कुणा सरदाराच्या घरी झुंबर पुसायचा आणि त्याला महिन्याला एक टका मिळायचा. आमचे मालक म्हणायचे, पुसत बिसत नव्हता, राजानं त्याला झुंबराखाली बसवून टका बक्षीस दिला. झुंबर दोघांनीही कधी पाहिलेलं नव्हतं.

आमच्या भागात हेळवी येतात. बैलावर बसून येतात, वंशावळीची वही सोडतात आणि तुमचा पणजा-खापरपणजा कोण, कुठून आला, हे सुरात वाचून दाखवतात. सुगीनंतर यायचं, वाचायचं, जोंधळे घ्यायचे, घरात नवा पोरगा झाला असला तर लिहून घ्यायचा. पोरगी लिहीत नाहीत. बायकोही लिहीत नाहीत. (त्या वहीप्रमाणे आमच्या घरात सहा पिढ्या पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिलेला आहे!)

आमचा हेळवी बसाप्पा. त्याचं आमच्याकडचं वाचन चहाला आधण येण्याच्या आत संपायचं. रामजी, रामजीचा खंडू, खंडूचा धोंडी, असं करत मालकांपर्यंत यायचं की वही बंद. थोरले दीर मूलबाळ नसताना वारले होते; थोरल्या जाऊबाई आमच्यातच असायच्या आणि त्यांच्या माहेरी मात्र हेच वाचन सकाळी सुरू होऊन जेवणाची पानं मांडेपर्यंत चालायचं. हे त्या मला दर वर्षी सांगायच्या. हे घडलं त्या वर्षी माझी लेक शकू काही महिन्यांची, माझ्या कडेवर होती. बसाप्पानं वही मिटली, तशा जाऊबाई म्हणाल्या, "झालं व्हय? आमच्याकडं एवढ्यात नुसतं देवाचं नाव घिऊन होतंय."

मला ते लागलं. आडनाव माझं नव्हतं, रामजी माझा कुणी नव्हता, पण लागलं. बसाप्पा मागल्या परड्यात बैलावर पोतं बांधत होता, तिथं मी गेले.

"बसाप्पा, रामजीला भाऊ न्हवते का ओ?"

"वहीत न्हाईत, अक्का."

"असतील की. तीन घाला."

मी दोन पायली जोंधळे त्याच्या पोत्यात ओतले. त्यानं पोत्याकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं, मग टाक काढला. "नावं सांगा," म्हणाला.

रामजीच्या भावांची नावं शोधायला मला फार वेळ लागला नाही. लक्ष्मण, भरत आणि शत्रुघ्न. ते कुठं गेले? मला तेव्हा तीनच गावं माहीत होती. लक्ष्मण जेऊरला गेला, कारण तिथं माझी मावशी दिली होती. भरत अक्कलकोटला. शत्रुघ्न मोहोळला, कारण तिथला बाजार मोठा आहे असं ऐकलं होतं. बसाप्पानं कानडीत सगळं लिहून घेतलं. मी चौथी पास, पण मराठीत. त्यामुळं त्यानं लिहिलं की रेघोट्या ओढल्या, ते मला कळायला मार्ग नव्हता.

"आता माजं बी नाव लिवा," मी म्हटलं.

"बायांचं लिवायची रीत न्हाय, अक्का. गडी पायजेत तर आजून चार लिवतो."

पुढच्या वर्षी वाचन चहा निवेपर्यंत चाललं. जाऊबाई गप्प बसल्या. माझं काम झालं होतं. मी ते विसरूनही गेले.

शकू एकवीस वर्षांची झाली. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून तीनेक वर्षं झाली होती. मालक गिरणीत होते, खाऊन-पिऊन बरं चाललं होतं, पोरगी कामाची होती. तरी दोन स्थळं परत गेली. दोन्हीकडचं म्हणणं एकच, असलं आडनाव आम्ही कधी ऐकलं नाही, कोण कुठले हे कळायचं कसं? तिसरं स्थळ मोहोळचं आलं. मुलगा सोलापुरातच, सात रस्ता चौकाजवळच्या एका कचेरीत कारकून. बघण्याच्या दिवशी शकूनं पोह्यांची बशी दिली आणि मुलगा पोहे खायचं विसरला. नंतर शकूला वरचेवर सात रस्त्याकडंच काहीबाही आणायला जायचं असे. आमच्या दारात मिळणारी सुईसुद्धा तिला तिकडचीच लागे.

मुलाचे वडील दगडूतात्या सोलापुरे. मोठा पटका, हळू बोलणं. म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण पाव्हणं, तुमच्या आडनावाचं दुसरं माणूस कुटं हाय का न्हाय? भाऊबंद नसलेलं घर म्हंजे उद्या मांडवात उभं कोण ऱ्हाणार?"

मालक म्हणाले, "हाईत की. हेळव्याच्या वहीत सगळं हाय."

सुगीचे दिवस होते, बसाप्पा जवळच फिरत होता. त्याला बोलावून आणलं. त्यानं सूर लावला. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. मूळ पुरुष रामजी. त्याचा पाठचा लक्ष्मण, जेऊरला गेला. भरत अक्कलकोटला. चौथा शत्रुघ्न, मोहोळला.

तात्यांनी डोळे उघडले. "आमच्या मोहोळला?"

"व्हय जी," बसाप्पा म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न! एवढ्यावरून तरी कुणाला शंका यायला हवी होती. पण तात्यांना ती घराणं चांगलं असल्याची खूण वाटली. म्हणाले, "ह्यातला एक जरी भाऊबंद दाखवला, तर माजी ना न्हाय. मोहोळचा मी हुडकतो, बाकीचं तुमी बघा."

मग सुट्टीच्या दिवशी मालक आपले पूर्वज शोधायला निघू लागले आणि मी त्यांना भाकरी बांधून देऊ लागले. जेऊरला काहीच मिळालं नाही. मालक खचले नाहीत. "गावाला रेल्वे हाय. कुटं तरी गेले असतील गाडीत बसून," म्हणाले. दुसऱ्या खेपेला अक्कलकोटला गेले आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्याला घेऊन परत आले. तिथल्या बाजारात तो शिवणयंत्रावर बसायचा. मराठी मोडकं, कानडी चांगलं. आडनाव झुंबरटके.

मी पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून उभी राहिले. मी थाप मारली होती, आणि थाप माझ्या ओसरीवर पाय धूत होती.

म्हाताऱ्याला आपल्या आजाच्या पलीकडचं काही माहीत नव्हतं. मालक सांगतील त्याला तो "हौदु, हौदु" म्हणत होता, म्हणजे कानडीत होय, होय. भरत? हौदु. रामजीचा भाऊ? हौदु. त्याच्या साऱ्या जन्मात त्याला आपल्या आडनावाचं माणूस भेटलं नव्हतं. त्याला हवं ते सांगितलं असतं तरी तो हौदुच म्हणाला असता. जेवायला बसले तेव्हा दोघं एकमेकांच्या ताटात भाकरी वाढत होते. खरं सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दोन माणसं इतकी खुशीत जेवत असताना कोण सांगतं? मी आणखी दोन भाकऱ्या थापल्या.

लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त काढायचा. आणि आषाढ संपता संपता दगडूतात्या एकटेच आले. चहा पुढं केला तर घेतला नाही.

"पाव्हणं," म्हणाले, "मोहोळ पालथं घातलं. झुंबरटके न्हाईत. मग मी इचार केला. आमी सोलापुरे. आमचा मूळ पुरुष सोलापुरातनं एकटाच आला, म्हणून गाव त्याला सोलापुरे म्हणाया लागलं. मागलं आडनाव काय, कुणालाच ठाव न्हाय. तुमचा एक भाऊ सोलापूर सोडून मोहोळला आला, त्याचा पत्ता न्हाय. मग त्यो कोन?"

मालकांनी मान हलवली. अगदी बरोबर हिशेब होता.

"कुलदैवत बी दोगांचं तुळजापूरची भवानी," तात्या म्हणाले. (आमच्या जिल्ह्यात दगड मारला तर ज्याला लागेल त्याचं कुलदैवत तेच असतं.) "म्हंजे आपुन एका रक्ताचं. पोरगा-पोरगी भाऊबहीण झाली. लगीन काय व्हत न्हाय. पण नातं मोठं गावलं. येत्या राखीपुनवेला पोराला घिऊन येतो. शकू त्याला राखी बांदंल."

आणि त्यांनी मालकांना मिठी मारली. स्थळ मोडून मिठी मारणारा मुलाचा बाप मी तेवढा एकच पाहिला.

आत शकूनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. घासलेली भांडी तिनं परत घासायला काढली. तिन्हीसांजेपर्यंत घासत होती. कळशीची कल्हई जायची वेळ आली, तेव्हा मी मालकांसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. जाऊबाई, परडं, दोन पायली, तीन गावं.

मालकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "पोरीसाठी जीव तुटतोय, कळतंय मला. पण म्हणून वाडवडलांना खोटं पाडू नगं."

"आवो, मीच घातले ते भाऊ."

"तू चौथी शिकलेली बाई. तीन भाऊ आन् तीन गावं तुला सुचत्यात व्हय? आन् मग अक्कलकोटचा भाऊ काय आभाळातनं पडला?"

तो कुठून आला, ते मला आजही ठाऊक नाही.

राखीपुनवेला आठ दिवस होते. पावसाळ्यात हेळवी फिरत नाहीत, आपल्या गावी असतात. मी चार पायली जोंधळे पोत्यात बांधले, माहेरी जाते म्हणून सांगितलं आणि एस.टी.नं अक्कलकोटच्या पलीकडं बसाप्पाचं गाव गाठलं. कंडक्टरनं पोत्याचं वेगळं तिकीट घेतलं. बसाप्पा दारात बैलाच्या गोचड्या काढत बसला होता. मला बघून त्यानं आधी पोत्याकडं बघितलं.

"शत्रुघ्न पुसून टाका," मी म्हटलं.

"पुसाय येत न्हाय अक्का. एक पुसलं की समदी वही खोटी. म्होरं लिवाय येतंय."

"म्होरं काय?"

"मेला म्हणून."

खोटा झाला तरी एकवीस वर्षं घरात वाचला गेलेला माणूस. मग म्हटलं, "लिवा. मोहोळला पोचायच्या आदीच मेला."

"कशानं?"

"पटकीनं."

"कुटं?"

"सीनेच्या काठाला."

"बायकापोरं?"

"लगीन झालं न्हवतं."

बसाप्पानं टाक थांबवला. "लगीन तरी करून द्यायचं होतं, अक्का. तुमच्या हातात होतं की."

"आन् मग त्याच्या पोरांस्नी कोण मारणार? लिवा."

बसाप्पा राखीपुनवेच्या आदल्या दिवशी वही घेऊन आला. तात्यांनाही मोहोळला बोलावणं गेलं. एक पान मागल्या खेपेला चिकटून राहिलं होतं, असं बसाप्पानं सांगितलं आणि सूर लावला. त्या दिवशी तो फार चांगला म्हणाला. सीनेचा काठ, तापलेली वाळू, तरणा गडी, जवळ पाणी द्यायला कुणी नाही. तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. पंधरा-वीस दिवस त्यांनी त्या माणसाला आपला मूळ पुरुष मानलं होतं. जाऊबाईंनी पदर डोळ्याला लावला. आणि सांगायला लाज वाटते, माझेही डोळे भरले.

पटका परत डोक्यावर ठेवत तात्या म्हणाले, "म्हंजे आपुन भाऊबंद न्हाय."

"न्हाय," मालक म्हणाले. दोघांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

"मग लगीन करू या," तात्या म्हणाले.

आतल्या खोलीत कळशी पडल्याचा आवाज आला.

लग्न झालं. मांडवात आमच्या बाजूनं अक्कलकोटचा म्हातारा नवा फेटा बांधून उभा होता. शकूचा संसार चांगला झाला. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला मालक म्हणाले, "शत्रुघ्नबाबा बिनलग्नाचा गेला. त्याचं पान कोण वाढतंय? आपल्यालाच वाढाया पायजे." तरणा गेला, गोडाची आवड असेल, म्हणून त्याच्यासाठी शेंगापोळी वेगळी करायची, असंही त्यांनीच ठरवलं.

तेव्हापासून दर वर्षी मी त्याचं पान वाढते. दाणे भाजायचे, कुटायचे, गूळ घालायचा, पोळ्या लाटायच्या. सासूबाईंच्या पानाला कावळा दुपारपर्यंत ताटकळत ठेवतो. शत्रुघ्नाच्या पानाला लगेच शिवतो. मालक गेले, तरी ते पान चुकलं नाही. शकूच्या पाठच्या पोराचं लग्न झालं, आता सुनेलाही ते पाठ झालं आहे. त्याला पोळी कडक लागते, तूप जास्त लागतं. माझ्या आवडीचं तिनं अजून विचारलेलं नाही.

हेळव्याच्या वहीत माझं नाव नाही. मी गेल्यावर माझं पान किती वर्षं वाढतील, सांगता येत नाही. मी ठरवलंय, भूक लागली तर शत्रुघ्नाकडंच जायचं आणि त्याच्यातली अर्धी पोळी मागायची. देईल तो. नाही म्हणाला, तर सांगेन, बाबा, तू कधी नव्हतासच.