वरच्या मजल्यावरचे पाणीतपासनीस

नव्वदच्या दशकात लखनौला, इंदिरा नगरात, आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरकडचे एक शास्त्रज्ञ राहत. आमच्या फिशटँकचं पाणी तेच तपासत. काचनळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून नळी खिडकीच्या उजेडात धरायची आणि नुसतं "अच्छा, अच्छा" म्हणायचं, ही त्यांची रीत.

एकदा मासे त्यांच्यावर सोपवून आम्ही गावी गेलो. परतलो तर मासे वर येऊन धापा टाकत होते. त्यांनी लगेच पाणी तपासलं, तर नळीतलं पाणी गर्द हिरवं झालं, म्हणजे घाणीचा अमोनिया फार वाढलेला.

ते मला म्हणाले, "वहिनी, खाणं जास्त पडलंय. गुन्हेगार मीच. ते काचेशी यायचे हो, मला नाही म्हणवेना."

मग स्वतःच बादल्या वाहून त्यांनी पाणी बदललं. संध्याकाळी मासे सळसळू लागले. आनंदाने त्यांचा हात खाण्याच्या डब्याकडे गेला.

"वहिनी, हा लपवा पाहू आधी!" तेच ओरडले.