मायची शुद्ध मराठी

धानोऱ्याच्या फाट्यावर एसटी येऊन उभी राहिली तरी माय माझ्या बॅगेत काही ना काही कोंबतच होती. कुटलेलं तिखट, आपल्याकडच्या दादर जातीच्या ज्वारीचं पीठ, वर पुन्हा एक पिशवी शेंगांची. मी कावले होते. मुंबईत पीठ मिळत नाही की काय! कंडक्टरने घंटी दिली तशी ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "तठे सांभायीसन बोलजो, बेटा." बाकीच्यांच्या आया 'सांभाळून राहा' म्हणतात. माझी म्हणाली, सांभाळून बोल, कारण मी बोलायलाच चालले होते.

तुम्ही जे गावाकडेच राहिलात, आणि जे माझ्यासारखे सुरत-पुणे-मुंबईला पांगलात, त्या सगळ्यांना हे सांगायचं आहे. नंदुरबारला कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेच्या एका परीक्षकांनी सांगितलं होतं, तुझ्या आवाजात दम आहे, डबिंगमध्ये जा. घरात हे काम काय असतं ते समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. पडद्यावर दुसरीच बाई ओठ हलवते आणि मागून आवाज आपला, हे ऐकून भाऊ म्हणाला, "दुसरानं तोंड, तुन्हा आवाज? मंग तुले कोन वयखी?" मला कोण ओळखणार, यावर सगळे हसले. मीही हसले.

मुंबईत पहिल्याच महिन्यात कळलं की माझा शत्रू एक अक्षर आहे. आपल्याकडे बोलण्यात 'ळ' नाहीच. डोळा नाही, डोया. शाळा नाही, शाया. केळी नाही, केयी. वहीत लिहिताना ळ, तोंडाने य. साधे संवाद मी जपून वाचायचे, पण राग आला, रडू आलं की जीभ धानोऱ्याला परत जायची. एका ऑडिशनमध्ये बाईने मुलाला "पळ, पळ!" असं ओरडायचं होतं. मी जीव तोडून ओरडले, "पय, पय!" हेडफोनमध्ये दिग्दर्शक सरांचा आवाज आला, "कुठून आलात तुम्ही?" माणूस वाईट नव्हता. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग होस्टेलच्या गच्चीवर आठ महिने टाळी, पोळी, कोळी, नळी. जीभ वर टाळूला लावायची आणि मागे ओढायची, शेवटी घसा धरायचा. त्या काळात आणि पुढेही काम मिळायचं ते गर्दीचं. पाचसहा जणांनी एका माइकभोवती उभं राहून बाजाराचा, लग्नाचा, दंगलीचा गलका करायचा. दोन वर्षं मी नुसता गलका केला. घरी फोनवर मात्र सगळं सुटं व्हायचं. माय सुरुवातच करायची, "काय करी ऱ्हायनी व?" आणि उत्तराची वाट न बघता सुटायची. कोणाच्या पपईवर रोग पडला, कोणाची सून रुसून गेली, कोण मिरच्या वाळत घालून विसरला. मध्येच जीभ चट्‌ करून वाजवायची आणि म्हणायची, "मन्हा डोयासनी देखं!" त्या वीस मिनिटांवर माझा आठवडा निघायचा.

पुढे एका दाक्षिणात्य सिनेमाचं मराठी डबिंग होतं. त्यात एक स्वयंपाकीणबाई होती, भांडखोर, विनोदी. तीन मुलींचा आवाज घेऊन झाला होता, तिथल्या दिग्दर्शक सरांना पटेना. गलक्यासाठी आलेल्या माझ्याकडे वळून म्हणाले, "जरा गावरान दे." मी विचारसुद्धा केला नाही. मायचा हेल, मायची ती चट्‌ वाजवलेली जीभ, मायचे डोया आणि केयी, सगळं उचलून त्या बाईच्या तोंडात घातलं. काचेपलीकडे सगळे पोट धरून हसले. पहिलाच टेक ओके झाला. आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा कोणा सरांनी मला विचारलं, "नाव काय म्हणालात तुमचं?"

त्या बाईचे तुकडे मोबाइलवर इतके फिरले की मला तशीच कामं येऊ लागली. मोलकरीण, भाजीवाली, खाष्ट सासू. हे गावात पोचलं. भावाने मोठ्या अभिमानाने मायला दाखवलं. तिने एकदा पाहिलं, पुन्हा लाव म्हणाली, आणि स्वतःलाच ओळखून म्हणाली, "हाई ते मी शे." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "लोके हासतस का?" भाऊ म्हणाला, "खूप हासतस!" हे त्यानेच मला फोनवर सांगितलं, आणि तेही हसत हसत.

पुढच्या रविवारी मायचा फोन आला. "नमस्कार. तू जेवलीस का?" मला वाटलं, थट्टा करतेय. पण ती तसंच बोलत राहिली, एकेक शब्द ठेवत, शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढे बोलावं तशी. "इथे सर्व ठीक आहे. आपली गाळ व्याली." मला कळेना. गाळ? मग ट्यूब पेटली. आपल्या बोलीतला य म्हणजे शहरात ळ, एवढं तिने फोनवर माझ्या तोंडी अधूनमधून येणाऱ्या शहरी शब्दांवरून हेरलं होतं, आणि गायीचाही ळ करून टाकला होता. मी खो खो हसले. मला अजून ते हसू ऐकू येतं.  पलीकडून तिने हळूच विचारलं, "चुकलं का?"

त्यानंतर तीन वर्षं ती माझ्याशी आपल्या बोलीत बोलली नाही. मी आधी विनवलं, मग चिडले, मग कामात पडले आणि मीही तिला तशीच उत्तरं देऊ लागले. आमचे फोन पाच मिनिटांवर आले. कोण रुसलं, कोणाच्या मिरच्या, हे सगळं शुद्ध मराठीत तिला येत नव्हतं, म्हणून तिने ते सांगणंच सोडलं. "तब्येत बरी आहे. पाऊस चांगला आहे. ठेवते." बस.

गेल्या वर्षी तिला चिंचपाड्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी पोचले तेव्हा वॉर्डाच्या दाराबाहेरच तिचा आवाज कानावर आला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "मन्ही पोर मुंबईले ऱ्हास. तिन्हा आवाज टीव्हीवर येस!" खणखणीत, जुना आवाज. मी आत गेले. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "ये. बस. प्रवास कसा झाला?" आणि मग, "माझा पाळ दुखतो."

मी तिचा पाय मांडीवर घेतला.  म्हटलं, "माय व, मन्हासंगे अशी नको बोलू." तिने माझ्याकडे बघितलं, आणि हसली. "छान," म्हणाली. "छान करतेस तू."

तिला वाटलं, मी करून दाखवतेय. आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही कानाला तेच वाटलं. हेल जरा जास्त, शेवटचा शब्द जरा ओढलेला. तीन वर्षं ही बोली मी फक्त माइकपुढे बोलले होते, लोकांना हसवायला. खऱ्या मायपुढे माझ्या तोंडून ती स्वयंपाकीणच बोलली. आता सवडीने समजावू, उद्या नीट माफी मागू, असं ठरवून मी तिचा पाय चेपत राहिले. तिसऱ्या दिवशी माय गेली. शेवटपर्यंत माझ्याशी शुद्ध बोलली.

दिवसकार्याला बाया मागच्या स्वयंपाकघरात जमल्या होत्या. मायच्याच गोष्टी निघाल्या होत्या, ती कशी भांडायची, कशी हसायची. मी पाणी प्यायला आत गेले. मावशी घाईने पाट पुढे सारत, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "काय हवं तुला? पाणी देऊ का?" बाकीच्या गप्प झाल्या. मी पाणी घेतलं आणि बाहेर आले. मग आतला आवाज पुन्हा सुरू झाला.

आता घर कुठे, असं कोणी विचारतं तेव्हा मला त्या भिंतीपलीकडचं बोलणं आठवतं. मी गेले की ते थांबतं, म्हणून गावी जाते तेव्हा बाहेर ओट्यावरच बसते. मागच्या खेपेला दोन तास बसले होते. वहिनी दारात येऊन म्हणाली, "ताई, आत या ना." म्हटलं, येते. आणि तिथेच बसून राहिले.