कासऱ्यावरची नाव

"उलाळ झाली! भाऊजी, नाव उलाळ झाली नं! मले नुसतं आभाळ दिसून राह्यलं!"

वहिनी ओरडत होती. ती ओरडली की धरणाच्या भिंतीवरचे बगळे उडून थेट दुसऱ्या तालुक्यात जाऊन बसतात. त्या दिवशी बगळ्यांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. नावेच्या तळाला, माझ्या पायांशी, माझा थोरला भाऊ पडला होता. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या, तोंडाला फेस, आणि श्वास असा की एक आला की दुसऱ्याची वाट बघावी. वहिनीनं त्याचं डोकं कुशीवर वळवून धरलं होतं. मी इंजिनाचा दांडा धरून मागे बसलो होतो, आणि नावेचं नाक माझ्यासमोर गाभण म्हशीच्या पोटासारखं आडवं आलं होतं. त्याच्यापलीकडे किनारा, किनाऱ्यावर जीप, आणि जीप मिळाली तर चिखलीचा दवाखाना.

आमचं गाव धरणाच्या पाण्याच्या रस्त्याकडच्या अंगाला, आणि बुडितातून वाचलेली शेतं पलीकडच्या अंगाला. मधे पाणी किती, असं पाहुणे विचारतात. मी समुद्र सांगतो. खरं तर मोठ्यानं हाक मारली तर पलीकडे ऐकू जाते. पण माझी हाक कुठंही ऐकू जाते, तेव्हा तो हिशेब धरू नका. ही नाव मी चालवायचो. तिचं इंजिन एका मासेवाल्या ठेकेदारानं टाकून दिलेलं. ते सुरू झालं की शेगावच्या स्टेशनवर लोक गाडी आली समजून सामान उचलायचे.

त्या इंजिनाची एक खोड होती. दांडा डावीकडे ओढला की नाव उजवीकडे जाणार, उजवीकडे ओढला की डावीकडे. सगळ्या नावांचं असंच असतं म्हणे. असू दे. आमच्या गावात सात पिढ्या बैल हाकलेले. डावा कासरा ओढला की बैल डावीकडे वळतो, हे आईच्या दुधातून आलेलं. ते इंजिन काय शिकवणार? पहिल्या महिन्यात मी नाव एवढ्या वेळा काठावर चढवली की तिला चाकं लावा, असं लोक म्हणू लागले. शेवटी मी बैलाचे दोन कासरे आणले, दांड्याला बांधले आणि नावेच्या कडांवरून पुढे नेताना आपसात ओलांडून घेतले. उजव्या हातातला कासरा दांड्याला डावीकडे ओढायचा, डाव्या हातातला उजवीकडे. मग मी पुढच्या फळीवर गाडीवानासारखा ऐटीत बसायचो. उजवा ओढला की नाव उजवीकडे. कधीकधी तोंडातून "हो हो, सर्जा" पण निघायचं.

मी पुढे बसलो की नाव बरोबर समतोल चालायची. गाडीचंही तसंच. मागे ओझं जास्त झालं की जू वर उठतं, बैलांच्या माना ताणतात, गाडी उलाळ होते. नावेत त्यासाठी इंजिनाच्या बुडाशी एक पिन असते. ती एका भोकातून दुसऱ्यात घातली की पंखा नावेखाली सरतो आणि नाक खाली बसतं. पण मी पुढे बसणार हे धरून पिन एकदा घातली, ती घातली. गंजून ती इंजिनाचाच अवयव झाली होती.

आता भाऊ. बीटी कपाशी आली तेव्हा सांगत होते की अळी पान खाईल आणि जागेवर मरेल, फवारा विकून टाका. काही वर्षं खरंच मेली. मग बोंडात गुलाबी अळी शिरली ती घरजावयासारखी. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, एवढी वाढली होती की आत शिरलेला माणूस दिवाळीलाच बाहेर यावा. भाऊ पाठीवर पंप घेऊन त्या जंगलात दोन औषधं एकत्र करून फवारत होता. डोक्यावरच्या बोंडांवर मारलेलं सगळं त्याच्याच तोंडावर, छातीवर गळत होतं. वहिनी माझ्या नावेतून भाकर घेऊन गेली, तर तो तुरीच्या ओळीशी आडवा.

आम्ही त्याच्या पाठीवरचा रिकामा पंप सोडून नावेत टाकला आणि त्याला मागच्या रुंद जागेत निजवलं. मी पुढे बसून कासरे धरले. निम्म्या पाण्यात डावा कासरा तुटला. सडलेलाच होता. मी धावत मागे जाऊन दांडा धरला आणि माझं सगळं वजन मागे आलं. नाव उलाळ झाली ती अशी.

"पिन काढा नं!" वहिनी ओरडली.

"इंजिन बंद करावं लागते! बंद केलं तर हे पुन्हा सुरू व्हायले पुढचा जन्म लागन!"

भावाला पुढे सरकवायला गेलो तर तो ओकायला लागला, श्वास अडकला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं त्याचं डोकं माझ्या गुडघ्यांत दिलं.

"कुशीवरच धरा. सरळ झालं तं गुदमरन."

आणि ती पुढे गेली, नाकावर पालथी पडली. तिचं वजन ते काय, वारा आला तर पदराबरोबर उडेल अशी बाई. पण नाक खाली बसलं. आता पिन तीच होती. आणि तिथून तिला दिसलं ते मला अजून दिसत नव्हतं.

"बाभळी! उजवीकडं बाभळी!"

बुडितातल्या वाळलेल्या बाभळी. त्यांनी नाव फाडली तर तळ लागायचा नाही. मी जीव खाऊन दांडा डावीकडे ओढला. नाव उजवीकडे गेली.

"तिकडं काऊन जाता? तिकडंच तं हायेत!"

मी आणखी ओढला. नाव आणखी उजवीकडे. पहिलं खोड नावेला घासून गेलं. गुडघ्यांत भावाचं डोकं, आणि त्यातला श्वास मला आता मोजताही येत नव्हता.

"भाऊजी, हे उफराटं जनावर हाय!" वहिनी किंचाळली. "बाभळीकडं लोटा दांडा! ज्याले भेता त्याच्याकडं लोटा!"

"बाभळीकडं? मरायचं हाय काय, वहिनी?"

"लोटा म्हणतो नं!"

मी डोळे मिटले आणि दांडा बाभळींकडे लोटला. हाताला वाटत होतं, मी माझ्या भावाला त्या काट्यांत ढकलून राहिलो. नाव डावीकडे वळली.

भाऊ वाचला. दवाखान्यात त्याच्या तोंडातली नळी निघाली, तोवर सगळ्या वॉर्डाला ही गोष्ट पाठ होती. फक्त लाटा घराएवढ्या झाल्या होत्या आणि बाभळींत एक मगर आली होती. भावाचा पहिला शब्द कोणता असेल यावर मी एक भाषणही तयार ठेवलं होतं.

"तुरीकडच्या ओळी राह्यल्या," तो म्हणाला. "अळी पसरन."

"जळू दे तुझ्या ओळी!" मी एवढ्यानं ओरडलो की नर्स धावत आली. "ह्या घरातलं कोणी आता त्या पंपाले हात लावणार नाही! लावला तं मी तो धरणात बुडवतो!"

वहिनी आदल्या दिवशी कपडे आणायला गावी जाऊन आली होती. ती खाली बसून पिशवीतून लुगडं, टॉवेल काढत होती. तिच्या मनगटांवर लाल पुरळ उठलं होतं, आणि तिच्या अंगाला औषधाचा वास येत होता. तो वास भावाच्या जुन्या शर्टाचा, असं मी सकाळपासून समजत होतो.

"वहिनी, तू पलीकडं गेलती काय?"

"हाव."

"नाव कोणी चालवली?"

"म्या."

"एकटी? दांड्यापाशी बसली तं उलाळ झाली असन. पुढं वजनाले काय ठेवलं?"

तिनं टॉवेलाची घडी घातली.

"पंप ठेवला. भरून."